पाणी, पत आणि ब्रूज

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील 'भारत डायमंड बोर्स' आणि २०२३ च्या अखेरीस उद्घाटन झालेले 'सुरत डायमंड बोर्स' ही नावे हिऱ्यांच्या व्यवसायाशी दुरून संबंध असलेल्या घरांतही परिचयाची आहेत. 'बोर्स' म्हणजे व्यापाऱ्यांनी एकत्र जमून सौदे करण्याची जागा. युरोपातील अनेक भाषांत शेअर बाजाराला याच शब्दाच्या निरनिराळ्या रूपांनी ओळखले जाते. व्यापाराच्या भाषेत हा शब्द रूढ झाला तो बेल्जियममधील ब्रूज या लहानशा शहरात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज तेथे जगभरातून माणसे येतात ती कालवे, पूल, हंस आणि चॉकलेटची दुकाने पाहण्यासाठी. परंतु ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवली आहे, त्या घरातील माणसाला या शहरात आणखीही बरेच काही दिसते.

ब्रुसेल्सहून रेल्वेने सुमारे एका तासात ब्रूज येते. आजच्या महापालिका हद्दीत सव्वा लाखाच्या आत-बाहेर लोकसंख्या असली, तरी कालव्यांच्या कड्यात बसलेल्या जुन्या शहरात जेमतेम वीस हजार माणसे राहतात. विटांची उतरत्या छपरांची घरे, दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते आणि घरांच्या पायथ्याशी टेकलेले संथ पाणी हे सारे इतके अखंड राहिले आहे, की २००० साली युनेस्कोने संपूर्ण जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

गेल्या मे महिन्यात सांगलीच्या पेठेतील हळदीचे एक जुने अडते आपल्या पत्नीसह येथे आले होते. वय बहात्तर, पेठेत आणि घरात सारे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांचे जावई अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या एका पेढीत हिशेबाचे काम पाहतात. मुलीने पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, आणि ते योग्यच झाले; कारण बेल्जियममध्ये जागोजागी मिळणारे बटाट्याचे तळलेले काप परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळले जातात, आणि ही गोष्ट दुकानाच्या पाटीवर लिहिलेली असेलच असे नाही.

शहर पाहण्याची सुरुवात बहुतेक प्रवासी नौकेने करतात. अर्ध्या तासाच्या या फेरीत नावाडी पूल आणि वाडे दाखवत जातो. रोझेनहूडकाय हा धक्का आज सर्वाधिक छायाचित्रे काढली जाणारी जागा आहे. एके काळी तेथे मीठ उतरत असे. पुढे बोनिफासियस पूल लागतो. तो पाहून कोणालाही मध्ययुगाची आठवण व्हावी, पण तो बांधला गेला विसाव्या शतकाच्या आरंभी. खरोखर जुने जे आहे ते पाणी. ११३४ साली समुद्राच्या मोठ्या तुफानाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी आत आणली आणि ब्रूजचे नशीब उघडले. खाडीच्या काठी दाम हे उपबंदर उभे राहिले. समुद्रातील गलबते तेथे थांबत आणि माल लहान होड्यांतून शहरात येई. १२७७ मध्ये इटलीतील जिनोआची व्यापारी गलबते सागरी मार्गाने ब्रूजला पोहोचली, पाठोपाठ व्हेनिसची आली. इंग्लंडची लोकर, उत्तरेकडील मेण आणि कातडी, दक्षिणेकडील रेशीम, फळे, मद्य आणि पूर्वेकडून हातोहात आलेले मसाले या एका गावात एकमेकांना भेटू लागले. मिरी आणि आले येथे दुकानांत होते हे ऐकताच आप्पांनी मुलीला थांबवून विचारले, "हळद होती का?" त्याचे उत्तर नावाड्यापाशी नव्हते.

शहराच्या मध्यभागी मार्क्ट हा चौक आहे. आज जेथे प्रांतिक शासनाची देखणी इमारत दिसते, तेथे पूर्वी पाण्यावर बांधलेले एक प्रचंड छत होते. होड्या थेट त्या छताखाली येत आणि पावसापाण्यात न भिजता माल उतरवला जाई. १७८७ मध्ये ते पाडले गेले. जवळच क्रानप्लेन म्हणजे 'यारीचा चौक' आहे. तेथील लाकडी यारी फिरवण्यासाठी माणसे मोठ्या चाकांच्या आत उभी राहून चालत असत. गलबतांतले जड पिंप त्यांच्या पायांच्या जोरावर वर उचलले जाई. चौकावर उभे असलेले घंटाघर ८३ मीटर उंच असून त्याला ३६६ पायऱ्या आहेत. त्याच्या पायाशी कापडाचा बाजार भरे, आणि घंटांच्या ठोक्यांवर काम सुरू होई व थांबे. वाटेत एका दालनात नगराच्या सनदा आणि खजिना ठेवलेल्या पेट्या दाखवतात. त्यांना अनेक कुलपे असत आणि किल्ल्या निरनिराळ्या जबाबदार व्यक्तींकडे राहत. कोणा एकाला पेटी उघडता येऊ नये ही दक्षता आजही बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांत जिवंत आहे. आप्पा त्या दालनापर्यंत चढले आणि तेथूनच खाली परतले.

चौकातून उत्तरेकडे फ्लामिंगस्ट्राट या रस्त्याने पाच मिनिटे चालले, की ती जागा येते. व्हान देर ब्यूर्झे नावाच्या कुटुंबाची येथे व्यापाऱ्यांसाठी धर्मशाळेसारखी, परंतु भाड्याची उतारशाळा होती. त्यांच्या कुलचिन्हात पैशाच्या तीन थैल्या होत्या. परमुलखातला व्यापारी गावात आला की मुक्काम येथे करी. माल येथे ठेवी. दलाल येथेच भेटे. बाहेरच्या व्यापाऱ्याने स्थानिक दलालामार्फतच सौदा करावा असा ब्रूजचा नियम होता. हे यजमान पाहुण्यांचे पैसे सांभाळत, त्यांच्या वतीने देणी भागवत आणि गावातल्या सराफांकडे खाते ठेवत. त्यामुळे एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा, एवढ्या नोंदीवर मोठमोठे व्यवहार पुरे होत. नाणे हलवावे लागत नसे. आजूबाजूला जिनोआ, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स येथील व्यापाऱ्यांनी आपापल्या कोठ्या उभारल्या. या कोठ्यांपुढचा चौक म्हणजेच ब्यूर्झे घराण्याचा चौक. तेथे रोज हुंड्यांचे भाव ठरू लागले आणि घराण्याचे नाव धंद्याला मिळाले.

"म्हणजे हे आपल्यासारखेच अडते," आप्पा म्हणाले. १३९९ साली बांधलेल्या जिनोआच्या कोठीत आता बटाट्याच्या तळलेल्या कापांचे संग्रहालय आहे, हे मुलीने सांगितले तेव्हा माई हसल्या. आप्पा मात्र बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिले. त्यांच्या पेठेतली निम्मी गोदामेही बाजार समितीचे आवार झाल्यापासून निराळ्याच कामाला लागली आहेत.

येथून थोड्याच अंतरावर नाल्डेनस्ट्राट या गल्लीत पीटर ब्लाडेलिन या बर्गंडीच्या खजिनदाराने बांधलेला वाडा आहे. १४६६ मध्ये तो फ्लॉरेन्सच्या मेदिची बँकेने घेतला आणि आपल्या शाखेचे ठाणे केले. अंगणाच्या भिंतीवर लोरेन्झो दे मेदिची आणि त्याची पत्नी यांच्या प्रतिमा कोरलेल्या आहेत. ज्याने आयुष्यात कधी कोणाला उधार दिले आहे, त्याने ब्रूजमध्ये इतर काही पाहिले नाही तरी चालेल, पण या अंगणाची हकीकत जाणून घ्यावी.

या शाखेचा व्यवस्थापक तोम्मासो पोर्तिनारी हा लहान वयातच उमेदवारी करण्यासाठी ब्रूजला आला होता. काम शिकत, पत्रे लिहीत तो पंचवीस वर्षांनी, १४६५ मध्ये शाखेचा प्रमुख झाला. त्या काळी फ्लँडर्सवर बर्गंडीच्या ड्यूकचे राज्य होते. 'धाडसी' म्हणून ओळखला जाणारा ड्यूक चार्ल्स सतत युद्धात गुंतलेला असे आणि त्याला सतत पैसा लागे. पोर्तिनारीने त्याला कर्ज दिले. ड्यूकने त्याला आपला सल्लागार नेमले, आणि दरबारात मान मिळू लागल्यावर कर्जही वाढत गेले. मेदिची घराण्याशी झालेल्या भागीदारीच्या करारात ड्यूकला किती रक्कम द्यावी याची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडली गेली. एवढे मोठे गिऱ्हाईक दुखवू नये, जुनी बाकी हाती यायची तर नवे द्यावेच लागते, हा तर्क तेव्हाही तसाच होता.

५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीच्या लढाईत चार्ल्स मारला गेला. कर्ज वसूल करण्यासाठी ज्याच्या दारी जावे, तो माणूसच उरला नाही. लोरेन्झोने हिशेब तपासला, पोर्तिनारीशी असलेली भागीदारी मोडली आणि १४८० च्या सुमारास शाखा आवरण्यात आली. पोर्तिनारी पुढे वीस वर्षे जगला, पण पुन्हा उभा राहिला नाही. १५०१ मध्ये तो फ्लॉरेन्सला वारला तेव्हा देणी मालमत्तेहून जास्त निघतील या भीतीने त्याच्या मुलाने वारसा स्वीकारण्यास नकार दिला. कर्जदार ड्यूकची सोनेरी मुलाम्याची समाधी मात्र त्या वाड्यापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, ब्रूजच्याच मोठ्या चर्चमध्ये, आजही झळकते आहे.

याच बँकेतील आंजेलो तानी या आधीच्या व्यवस्थापकाने हान्स मेम्लिंग या चित्रकाराकडून अंतिम न्यायाचे एक भव्य चित्र करवून घेतले होते. मधोमध देवदूत तराजू धरून उभा आहे आणि दोन्ही पारड्यांत एकेक माणूस तोलला जातो आहे. त्यातील एकाचा चेहरा पोर्तिनारीचा असल्याचे मानतात. १४७३ मध्ये ते चित्र इटलीला नेणारे जहाज समुद्रात लुटले गेले आणि चित्र पोलंडमधील ग्दान्स्क येथे पोहोचले. ते अजून तेथेच आहे.

ही हकीकत जावयांनी अंगणात उभ्या उभ्या सांगितली. आप्पांनी मधे एकही प्रश्न केला नाही. संपल्यावर त्यांनी सांगलीला फोन लावायला सांगितला. ब्रूजमध्ये दुपारचे दीड वाजले होते, म्हणजे तिकडे पाच. दुकान उघडे होते. उत्तरेतील एका मोठ्या खरेदीदाराकडे त्यांच्या मुलाची दोन हंगामांची बाकी अडकलेली होती. गाव सोडण्यापूर्वी याच विषयावर बापलेकांत बोलाचाली झाली होती आणि आप्पांनी अखेर "तुला योग्य वाटेल तसं कर" म्हणून विषय सोडला होता.

"त्या पार्टीला नवा माल देऊ नको," आप्पा म्हणाले. "आधीची बाकी येऊ दे."

"आप्पा, गाडी कालच भरली. तुम्हीच म्हणाला होता, तुला वाटेल तसं कर."

आप्पा क्षणभर थांबले. "बिल्टी कुणाच्या नावानं केलीय?"

"सेल्फ."

"पाठवलीस का त्यांना?"

"उद्या कुरिअर करणार होतो."

"मग करू नको. बिल आणि बिल्टी बँकेतून पाठव. पैसे भरतील आणि बँकेतून सोडवून घेतील."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "त्यांना राग येईल, आप्पा. इतक्या वर्षांत आपण असं कधी केलं नाही."

"येऊ दे," आप्पा म्हणाले आणि फोन मुलीच्या हातात दिला. माईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

ब्रूजचे वैभव गेले त्याला दोन कारणे सांगतात. पहिले सर्वांना ठाऊक असलेले: झ्विनची खाडी गाळाने भरत गेली. दरवर्षी थोडा गाळ साचे, थोडा उपसला जाई, आणि गलबते हळूहळू लांब थांबू लागली. दुसरे कारण पाण्याचे नव्हे, माणसांचे आहे. चार्ल्सच्या मुलीचा पती माक्सिमिलियन याच्याशी नगराचे बिनसले आणि १४८८ मध्ये नागरिकांनी त्याला मार्क्ट चौकातल्या एका घरात तीन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवले. त्याच्या विश्वासू अधिकाऱ्याचा, पीटर लान्खाल्सचा, शिरच्छेद झाला. सुटल्यावर माक्सिमिलियनने ब्रूजला शिक्षा दिली ती बाजाराची: परदेशी व्यापाऱ्यांनी अँटवर्पला जावे असे फर्मान निघाले. काही परतले, पण बरेच परतले नाहीत. 'लान्खाल्स' म्हणजे लांब मान. त्या वधाचे प्रायश्चित्त म्हणून शहराने लांब मानेचे हंस कायम पाळावेत असे बजावले गेले, अशी आख्यायिका आहे. आज पर्यटक ज्या हंसांना कॅमेऱ्यात टिपतात, त्यांची लोककथा ही अशी दंडाची आहे.

गाळ उपसता येतो, खर्च मोठा असला तरी. व्यापाऱ्याच्या मनातील भरवसा एकदा उठला की तो उपसून आणता येत नाही. पुढची तीनशे-साडेतीनशे वर्षे ब्रूज उतरत गेले. एकोणिसाव्या शतकात ते देशातील अतिशय गरीब शहरांपैकी एक होते. घरोघरी बायका तुटपुंज्या मजुरीवर लेस विणत. जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसा नव्हता, आणि म्हणूनच ती वाचली. आज जे सौंदर्य म्हणून दाखवले जाते, ते बऱ्याच अंशी गरिबीने राखलेले आहे.

दुपारनंतर ही मंडळी शहराच्या दक्षिण भागात गेली. तेथे नीवे खेंटवेख या रस्त्यावर चुना लावलेल्या बुटक्या घरांची एक ओळ आहे. बाहेरून ती रस्त्याकडे पाठ करून बसल्यासारखी वाटते. लहानशा दारातून आत गेले की मध्ये बाग आणि भोवती एकेका खोलीची घरे. यांना 'गॉड्सहाउझन' म्हणतात. निराधार विधवा, वृद्ध कारागीर यांच्यासाठी कारागिरांच्या संघांनी आणि सधन व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकापासून ती बांधून दिली. राहणाऱ्याकडून भाडे घेतले जात नसे. दात्यासाठी प्रार्थना करणे एवढीच अपेक्षा असे. दे म्यूलेनारे कुटुंबाने बांधलेल्या अशाच एका वास्तूचे साल १६१३ आहे. शहरात चाळीसहून अधिक अशा वास्तू शिल्लक आहेत, आणि त्यांतील कित्येकांत आजही वयोवृद्ध माणसेच राहतात.

हे ध्यानात आल्यावर दिवसभर पाहिलेल्या शहराची मांडणीच बदलते. कापडाचा बाजार गेला, यारी गेली, पाण्यावरचे छत गेले, कोठ्यांत संग्रहालये आणि उपाहारगृहे आली. बाराव्या शतकातल्या सिंट-यान रुग्णालयाच्या जुन्या दालनात मेम्लिंगची चित्रे लागली आहेत, पण त्याच नावाचे रुग्णालय शहरात अजून रुग्णांची सेवा करते आहे. नफ्यासाठी बांधलेले जवळजवळ काहीच आपल्या मूळ कामावर उरलेले नाही. दिलेले उरले आहे. पोर्तिनारीच्या बाबतीतही हेच घडले. त्याचा मृत्यू झाला तो फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा या रुग्णालयात. ते १२८८ मध्ये त्याच्याच पूर्वजाने, फोल्को पोर्तिनारीने, गोरगरिबांसाठी स्थापन केले होते. बँक बुडाली, वारसा कोणी घेईना, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी घराण्याने दिलेली खाट मात्र त्याच्या उपयोगी पडली. ते रुग्णालयही आज चालू आहे.

बागेत एक वृद्ध बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. माईंनी नमस्कार केला, बाईंनी मान लववली आणि झारी दुसऱ्या हातात घेऊन त्यांना बाकावर बसण्याची खूण केली. पाटीवरचे साल वाचून आप्पांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "चारशेच्या वर झाली," ते म्हणाले.

संध्याकाळी अँटवर्पच्या गाडीत बसले, की प्रवासी त्याच दिशेने जातो जिकडे पाचशे वर्षांपूर्वी ब्रूजचे व्यापारी गेले. अँटवर्पने १५३१ मध्ये सौद्यांसाठी स्वतंत्र इमारत बांधली आणि ब्यूर्झे हे नाव सोबत नेले. आज त्या शहराच्या हिरेबाजारात भारतीय, विशेषतः पालनपूरकडील जैन व्यापाऱ्यांचा मोठा वाटा आहे, आणि विल्राइक या उपनगरात त्यांनी संगमरवरी जिनालय उभारले आहे. ब्रूजनेही १९०७ मध्ये किनाऱ्यावर झेब्रुखे हे नवे बंदर उघडले. २०२२ मध्ये ते आणि अँटवर्पचे बंदर एका संस्थेत विलीन झाले. ज्या दोन गावांपैकी एकाची भरभराट दुसऱ्याच्या ऱ्हासावर झाली, त्यांची नावे आता एकाच पाटीवर आहेत.

सांगलीहून गेलेली बिल्टी बँकेत पडून राहिली. खरेदीदाराने ती सोडवली नाही. तीन आठवड्यांनी गाडीभर हळद परत मागवावी लागली. भाड्याचे आणि गोदामाचे पैसे अंगावर आले, भावही थोडा उतरला होता. जुन्या बाकीचा तगादा अजून चालू आहे. माल मात्र स्वतःच्या गोदामात आहे, आणि दर शनिवारी थकबाकीची यादी मुलगा आपणहून आप्पांसमोर ठेवतो.